मंत्र्यांना सभागृहात आणणारे वकील

 

ग्रामसभेत प्रश्न विचारायचे कसे, यावर आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो. त्यावर तुमच्याकडून एक तक्रार हमखास येते. प्रश्न आम्ही विचारू हो, पण ज्यांनी उत्तर द्यायचं तेच सभेला आलेले नसतात. रजिस्टर येतं, शिपाई येतो, साहेब येत नाहीत. आज याच दुखण्याची एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्याकडची नाही, पार युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या नॉर्वे देशातली आहे. तिथं एका वकिलानं आपली उभी हयात एकाच मागणीमागे घालवली. राजाच्या मंत्र्यांनी लोकांच्या सभागृहात येऊन बसावं आणि विचारलेल्याला उत्तर द्यावं, एवढीच ती मागणी. ती मान्य व्हायला बारा वर्षं लागली, एक सबंध मंत्रिमंडळ कोर्टात उभं राहिलं, आणि देशात आता बंदुका निघतात की काय, अशी वेळ आली.

या वकिलांचं नाव योहान स्वेर्द्रुप. नाव जिभेवर बसायला जरा वेळ लागेल. आम्हालाही लागला.

आधी देश समजून घेऊ. नॉर्वे म्हणजे डोंगर आणि समुद्र. पिकाऊ जमीन अगदी थोडी, शंभर एकरांत तीन-चार एकर इतकीच. माणसं खेड्यांत पांगलेली, शेती, मासेमारी, लाकूडतोड आणि जहाजांवरची नोकरी करणारी. 1865 च्या जनगणनेत सगळ्या देशाची वस्ती 17 लाख भरली होती. शेकडो वर्षं हा मुलूख डेन्मार्कच्या राजाच्या हाताखाली होता. 1814 साली युरोपातली मोठी युद्धं संपत आली, तेव्हा हरलेल्या डेन्मार्कनं नॉर्वे उचलून स्वीडनच्या राजाला देऊन टाकला. जमिनीचा तुकडा एकाच्या सातबाऱ्यावरून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढवावा, तसा. तिथल्या लोकांना विचारलं कोणी? कोणीच नाही.

मग नॉर्वेतले 112 पुरुष आइड्सवोल नावाच्या गावी जमले आणि 17 मे 1814 ला त्यांनी आपली राज्यघटना लिहून सह्या केल्या. पुढं त्याच वर्षी स्वीडनचा राजा मान्य करावा लागला, पण घटना त्यांनी सोडली नाही. म्हणजे राजा एक, देश दोन. राजा राहणार स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला. नॉर्वेची स्वतःची लोकसभा, तिचं नाव स्टॉर्टिंग, ती क्रिस्तियानिया या राजधानीत. त्याच शहराला आज ओस्लो म्हणतात.

कागदावर ही घटना त्या काळच्या युरोपात फार पुढची होती. मात्र तिच्यात काही गाठी राहून गेल्या होत्या. मत कोणाला? सरकारी अधिकाऱ्यांना, शहरातल्या व्यापारी-कारागीर नागरिकांना, आणि स्वतःच्या किंवा कायम खंडानं घेतलेल्या जमिनीवर शेती करणाऱ्यांना, तेही 25 वर्षांवरच्या पुरुषांना. शेतमजुराला नाही, गड्याला नाही, खलाशाला नाही. बाईचा तर प्रश्नच कोणी काढला नव्हता. दुसरी गाठ अशी की, स्टॉर्टिंग तीन वर्षांतून एकदा भरायची. काही महिने बसायची, कायदे करायची, पैशाचा हिशेब मंजूर करायची आणि उठायची. मधल्या काळात कारभार राजाच्या मंत्र्यांचा. आणि तिसरी, सगळ्यात अवघड गाठ. मंत्री राजानं नेमायचे, आणि त्यांनी स्टॉर्टिंगच्या सभागृहात पाऊल ठेवायचं नाही, असा घटनेतच नियम होता.

हा नियम वाईट हेतूनं केला नव्हता. राजाची माणसं आत बसली तर साध्या शेतकरी सभासदांवर दबाव येईल, अशी घटना लिहिणाऱ्यांना धास्ती होती. म्हणून त्यांना बाहेर ठेवलं. पण त्याचा परिणाम उलटाच झाला. मंत्र्यांचा सगळा व्यवहार कागदानं चालू लागला. त्यांनी प्रस्ताव लिहून पाठवायचा, सभेनं शेरा लिहून परत धाडायचा. समोरासमोर कोणी कोणाला जाब विचारायचा नाही. सभा मंत्र्याला काढूही शकत नव्हती. अगदी गुन्हाच केला असेल तर खास न्यायालयात खटला भरायचा, एवढीच वाट.

आता वकीलसाहेबांकडे येऊ. योहान स्वेर्द्रुप यांचा जन्म 30 जुलै 1816 चा, म्हणजे घटना झाल्यावर दोनच वर्षांनी. त्यांचे वडील एका मोठ्या सरदारी जमिनीचे कारभारी होते, आणि पुढं त्यांनी देशातली पहिली शेतीशाळा काढली. त्यामुळे शेतीतलं बोलणं त्यांच्या कानावर लहानपणापासून होतं. चुलते गेओर्ग स्वेर्द्रुप हे आइड्सवोलच्या त्या 112 जणांपैकी एक, घटनेवर सह्या झाल्या त्या दिवशी सभेचे अध्यक्ष. घरात घटनेची गोष्ट आजीच्या गोष्टीसारखी सांगितली जात असणार, असं आम्हाला वाटतं.

1841 साली कायद्याची परीक्षा पास होऊन ते लार्विक नावाच्या बंदराच्या गावी वकिली करू लागले. इथं एक बारकावा लक्षात घ्या. त्या काळी नॉर्वेत कायदा शिकलेला माणूस बहुतेक सरकारी नोकरीत जायचा, न्यायाधीश व्हायचा, अधिकारी व्हायचा, आणि त्याच लोकांतून राजाचे मंत्री निघायचे. कारभार या शिकलेल्या अधिकारी घराण्यांच्या मुठीत होता. खाजगी वकील मात्र पक्षकाराच्या पैशावर जगायचा. राजाच्या नेमणुकीची त्याला गरज नव्हती. त्याला कायदा अधिकाऱ्यांइतकाच कळायचा आणि भीड कमी होती. अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा यावा, असंच हे मिश्रण.

1851 मध्ये स्वेर्द्रुप पहिल्यांदा स्टॉर्टिंगमध्ये निवडून आले. देशात तेव्हा चांगलीच खळबळ होती. मार्कुस थ्राने नावाच्या तरुणानं मजूर, कूळ आणि छोट्या कारागिरांच्या संघटना गावोगाव उभ्या केल्या होत्या. सगळ्या पुरुषांना मत द्या, ही त्यांची मोठी मागणी. दोनेक वर्षांत तिथं 30,000 च्या आसपास सभासद झाले. 1851 च्या उन्हाळ्यात सरकारनं थ्रानेला पकडलं, वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलं, आणि चळवळ मोडली. स्वेर्द्रुप यांना या लोकांबद्दल सहानुभूती होती, पण त्यांनी यातून जो धडा घेतला तो वकिलाचा होता. रस्त्यावरची ताकद सरकार एका रात्रीत उचलून नेऊ शकतं. सभागृहातली मोजून जमवलेली मतं उचलून नेता येत नाहीत.

मतं जमवायची तर शेतकरी सभासदांची. स्टॉर्टिंगमध्ये त्यांची संख्या मोठी होती. पण शेतकरी आणि वकील यांचं सूत कसं जुळावं? गावात वकील दिसला की कोणाची तरी जप्ती आली, असं समजायचं. कर्जवसुलीचे दावे वकीलच चालवायचे आणि त्यांच्या फीच्या नावानं खेडी बोटं मोडायची. 1859 साली स्वेर्द्रुप यांनी सभासदांचा एक ‘सुधारणा संघ’ काढून पाहिला. आपसांत ठरवून एकत्र मत द्यायचं, अशी साधी कल्पना. पण गट करणं म्हणजे कारस्थान करणं, अशी ओरड झाली. घाबरून एकेक जण गळाला आणि संघ विरून गेला. ज्यांनी नव्यानं बचत गट सुरू केला आणि गावानं ‘या बायका एकत्र बसून करतात काय’ म्हणून नाकं मुरडली, त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको.

मग दहा वर्षांनी जमलं. जमलं ते सोरेन योबेक या शेतकरी पुढाऱ्यामुळे. हे गृहस्थ आम्हाला फार आवडले, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द जास्त. योबेक स्वतः शेतकरी. त्यांनी 1865 पासून ‘शेतकरीमित्र’ संघ खेडोपाडी काढले, आपलं वर्तमानपत्र चालवलं. सरकारी खर्चाचे ते कट्टर विरोधक. अधिकाऱ्यांचे पगार वाढवायचे? नाही. पेन्शन? नाही. नवी इमारत? नाही. त्यांच्या भाषेत ‘हो’ म्हणायला जो शब्द आहे, तसं त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर ऐकू येतं. म्हणून थट्टेखोरांनी ते बदलून ‘नाही’चा शब्द लावला आणि त्यांना ‘नायबेक’ म्हणू लागले. हो, नॉर्वेच्या भाषेतही नाहीला जवळजवळ ‘नाय’च म्हणतात! कोकणातल्या मैत्रिणींना तिथं करमेल.

स्वेर्द्रुप शहरी, शिकलेले, रेल्वे हवी, शाळा हव्यात म्हणणारे. योबेक पैपैचा हिशेब मागणारे. दोघांचं दहांतल्या सहा गोष्टींत पटायचं नाही. पण एका गोष्टीत पटलं, की पैसा आपला, कायदा आपला, तर कारभाऱ्यांनी जाब आपल्याला द्यावा. एवढ्यावर त्यांनी जुळवून घेतलं. उरलेल्या भांडणांना त्यांनी वेळ येईल तेव्हा वाट करून दिली.

या जोडीचं पहिलं फळ 1869 मध्ये मिळालं. स्टॉर्टिंग आता तीन वर्षांऐवजी दरवर्षी भरणार, अशी घटनादुरुस्ती झाली आणि 1871 पासून ती दरवर्षी भरू लागली. राजानं याला फार विरोध केला नाही. त्याला आणि त्याच्या मंत्र्यांना यात धोका दिसला नसावा. स्वेर्द्रुप यांना मात्र पुढची पायरी आधीच दिसत होती. सभा दरवर्षी बसणार, तर आता मंत्री आत आले पाहिजेत.

गंमत अशी की, मंत्र्यांना आत येऊ द्या ही सूचना पूर्वी सरकारच करायचं, आणि स्टॉर्टिंग नको म्हणायची. आता सभागृह म्हणू लागलं या, आणि सरकार म्हणू लागलं येत नाही. पूर्वी मंत्री आत आले असते तर सभेवर वजन टाकायला आले असते. आता सभा दरवर्षी भरणार होती आणि तिच्यात एकजूट होती. आता आत यायचं म्हणजे जाब द्यायला यायचं. सरकारचे मुख्य मंत्री फ्रेडेरिक स्टांग हेही कायद्याचे मोठे पंडित होते. त्यांनी हे बरोबर ओळखलं. आज आत येऊन बसलो, तर उद्या सभेला नको झाल्यावर उठून जावं लागेल. मग मंत्री राजाचे कसले राहिले?

1872 साली स्टॉर्टिंगनं 80 विरुद्ध 29 मतांनी ठराव केला की मंत्र्यांनी सभागृहात यावं. त्या वेळी स्वेर्द्रुप यांनी सगळी सत्ता याच सभागृहात एकवटली पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार काढले. नॉर्वेतल्या शाळकरी मुलांना ते आजही माहीत असतात. राजानं सही नाकारली.

इथं कायद्याचा एक पेच येतो, तो नीट समजून घेऊ, कारण पुढची बारा वर्षं त्याच्यावरच गेली. साध्या कायद्याबाबत घटना स्पष्ट होती. राजा सही नाकारू शकतो, पण मधे निवडणुका होऊन तीन वेगवेगळ्या स्टॉर्टिंगनी तोच कायदा केला, तर राजाच्या सहीशिवायही तो लागू होतो. मात्र घटनेतलाच नियम बदलायचा असेल तर काय, यावर घटना गप्प होती. राजाची बाजू म्हणे, गप्प आहे म्हणजे राजाचा नकार कायमचा. त्याच्या सहीशिवाय घटनेचा एक शब्द बदलता येणार नाही. स्वेर्द्रुप यांची बाजू म्हणे, राजाला घटनेनं दिला तेवढाच अधिकार. जिथं काही दिलेलं नाही, तिथं कायमचा नकार कुठून आणलात?

ठराव 1874 मध्ये पुन्हा झाला. पुन्हा नकार. 1877 मध्ये पुन्हा, पुन्हा नकार. 1880 मध्ये 93 विरुद्ध 20 मतांनी झाला. दर खेपेला मधे निवडणूक. राजा तोवर बदलला होता. कार्ल जाऊन त्याचा भाऊ ऑस्कर आला होता. उत्तर तेच राहिलं.

मग 9 जून 1880 ला स्वेर्द्रुप यांनी शेवटचं पाऊल उचललं. ठराव लागू झाला आहे, राजाची सही असो वा नसो, असं स्टॉर्टिंगनं 74 विरुद्ध 40 मतांनी जाहीर करून टाकलं. मतं मोजलीत? 93 वरून 74 वर आली. मंत्री आत यावेत असं वाटणारे पुष्कळ होते, पण राजाला ओलांडून जायची वेळ आल्यावर काही जण मागं सरले. हे कुठल्याही चळवळीत होतं, आणि स्वेर्द्रुप यांनी ते गृहीत धरलं असणार. सरकारनं हा ठराव जाहीर करायला नकार दिला. विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापकांनीही मत दिलं की राजाचा नकार कायमचाच. शिकलेल्यांची बाजू राजाकडे, माणसांची सभागृहाकडे.

1882 ची निवडणूक एवढ्या एकाच प्रश्नावर लढली गेली. गावोगाव सभा झाल्या, कवी ब्यॉर्न्स्टयेर्ने ब्यॉर्नसन यांनी भाषणं देत देश ढवळून काढला. 114 पैकी 83 जागा स्वेर्द्रुप यांच्या बाजूनं आल्या, 31 विरोधात. आता त्यांनी घटनेतली ती एकुलती एक वाट धरली, मंत्र्यांवर खटला. पंतप्रधान सेल्मर आणि त्यांचे सहकारी मिळून अकरा जण खास न्यायालयापुढं उभे राहिले. त्या न्यायालयात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि स्टॉर्टिंगच्या एका विभागाचे सभासद एकत्र बसत. सभासद अर्थातच स्वेर्द्रुप यांच्या पक्षाचे जास्त. हा निवाडा निःपक्ष होता असं आम्ही म्हणणार नाही. तो राजकीय होता आणि सगळ्यांना ते माहीत होतं. महिन्यामागून महिने खटला चालला. लोकांनी बंदूक चालवायचे संघ काढले होते, सरकारला लष्कराची काळजी, लोकांना लष्कराची भीती.

27 फेब्रुवारी 1884 ला सेल्मर यांना पद सोडण्याची शिक्षा झाली. पाठोपाठ बाकीच्यांचे निकाल लागले, बहुतेकांची पदं गेली, काहींना दंड झाला. गोळी एकही सुटली नाही. राजानं काही महिने दुसऱ्या मंत्रिमंडळाचा प्रयोग करून पाहिला, तो टिकला नाही. अखेर 26 जून 1884 ला राजा ऑस्करनं ज्या माणसावर त्याचा सगळ्यात जास्त राग होता त्यालाच बोलावलं. योहान स्वेर्द्रुप पंतप्रधान झाले आणि मंत्र्यांना घेऊन सभागृहात आले. वय 67. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांच्या लोकांनी ‘वेन्स्त्रे’ म्हणजे डावा पक्ष रीतसर स्थापन केला होता. नॉर्वेतला तो पहिला पक्ष, आणि तो अजून आहे.

आता तुम्ही विचाराल, यात बाया कुठं आहेत? आम्हीही हाच प्रश्न घेऊन ही गोष्ट वाचायला घेतली होती.

80 विरुद्ध 29, 93 विरुद्ध 20, ही सगळी मतं पुरुषांनी पुरुषांना निवडून दिलेली. ‘सगळी सत्ता या सभागृहात’ म्हणताना त्या सभागृहात निम्मा देश नव्हता. पण 1884 साली हवाच अशी तापली होती की बायकांनीही आपलं म्हणणं पुढं रेटलं. स्वेर्द्रुप पंतप्रधान झाले त्याच जून महिन्यात गिना क्रोग या शिक्षिका आणि हागबार्ट बेर्नर हे डाव्या पक्षाचे पुढारी यांनी नॉर्वेची पहिली स्त्री-हक्क संघटना उभी केली. पुढच्या वर्षी गिनाबाईंनी मतदानाच्या हक्कासाठी वेगळी संघटना काढली, कारण पहिल्या संघटनेतल्या अनेकांना ती मागणी फार घाईची वाटत होती. 1887 पासून त्यांनी ‘न्यूलेन्दे’ नावाचं नियतकालिकही चालवलं. नावाचा अर्थ नवी तोडलेली, लागवडीखाली आणलेली जमीन. नियतकालिकाला याहून चांगलं नाव आम्हाला तरी सुचत नाही.

त्या वेळी विवाहित बाईची स्थिती काय होती? लग्न न झालेली 25 वर्षांची मुलगी 1863 पासून कायद्यानं सज्ञान होती. वारसात भावाबरोबरीचा हिस्सा 1854 पासून मिळत होता. त्याआधी भावाला बहिणीच्या दुप्पट. पण तीच मुलगी लग्न करून गेली की कायद्याच्या लेखी पुन्हा अज्ञान व्हायची. तिच्या हिश्शाचा, तिच्या कमाईचा कारभार नवऱ्याचा. इब्सेन यांचं 1879 चं नाटक ‘बाहुलीघर’ यावरच उभं आहे. त्यातल्या नोराला नवऱ्याच्या आजारपणासाठी कर्ज काढायचं असतं, आणि बाईला पुरुषाच्या सहीशिवाय कर्ज मिळत नाही, म्हणून ती वडिलांची सही स्वतःच करून टाकते. कर्जाच्या कागदावर कोणाकोणाच्या सह्या लागतात, हे तुम्हाला पाठ आहे. नोराचं दुःख तुम्हाला कोणी समजावायला नको.

1884 मध्ये इब्सेन, ब्यॉर्नसन, योनास ली आणि किलांड या चार नामवंत लेखकांनी स्टॉर्टिंगकडे अर्ज केला, की लग्न झालेल्या बाईला तिच्या मालमत्तेवर हक्क द्या. इब्सेन यांनी ब्यॉर्नसनना पत्रात लिहिलं होतं, की या बाबतीत पुरुषांचं मत विचारणं म्हणजे मेंढरांच्या रक्षणाविषयी लांडग्यांना विचारणं. 1888 साली, स्वेर्द्रुप पंतप्रधान असतानाच, कायदा झाला. विवाहित बाई सज्ञान ठरली आणि तिच्या स्वतःच्या कष्टाची कमाई तिच्या हाती आली. पूर्ण नाही. दोघांच्या सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडेच राहिला. तरी शिवणाचे, दुधाचे, शिक्षिकेच्या पगाराचे पैसे आता तिचे.

त्याच्या पुढच्या वर्षी शाळांचा कायदा आला. गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या मुलांसाठी सात वर्षांची एकच लोकशाळा, आणि तिच्या कारभाराला स्थानिक मंडळ. त्या मंडळात बायकांना निवडून येता येऊ लागलं. शाळेच्या समितीवर बसलेल्या मैत्रिणींनो, त्या देशातल्या बायकांचं सार्वजनिक कारभारातलं पाऊल तुमच्यासारखंच शाळेच्या दारातून पडलं. याखेरीज खटल्यात सामान्य नागरिकांनी ज्यूरी म्हणून बसण्याची पद्धत 1887 मध्ये आली. खेड्यांतल्या बोलींवरून घडवलेली भाषा 1885 पासून सरकारदरबारी शहरी भाषेच्या बरोबरीची झाली. मत देण्याचा हक्कही वाढला, खेड्यात वर्षाला 500 क्रोनर आणि शहरात 800 क्रोनर कमाईवर कर भरणाऱ्या पुरुषाला मत मिळालं.

काम बरंच झालं. पण पंतप्रधान म्हणून स्वेर्द्रुप यांची पाच वर्षं सुखाची गेली नाहीत, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. विरोधात असताना एकत्र असलेली माणसं सत्ता आल्यावर फुटू लागली. एका बाजूला शहरी, मोकळ्या विचारांचे. दुसऱ्या बाजूला पश्चिम किनाऱ्यावरचे धार्मिक शेतकरी. ठिणगी पडली ती एका लेखकाच्या मानधनावरून. किलांड यांना सरकारी मानधन द्यावं, अशी ब्यॉर्नसन आणि ली यांची मागणी होती. धार्मिक गट म्हणाला, या माणसाचं लिखाण धर्माला सोडून आहे. या गटाचे पुढारी स्वेर्द्रुप यांचे सख्खे पुतणे याकोब, आणि ते मंत्रिमंडळातच होते. वकीलसाहेब पुतण्याच्या बाजूला झुकले. मानधन नाकारलं गेलं. ब्यॉर्नसन यांनी रागानं स्वतःचंही सरकारी मानधन सोडलं, आणि ज्या मित्रासाठी देश ढवळला त्याच्यावरच टीकेची झोड उठवली.

हळूहळू स्वेर्द्रुप आपल्याच पक्षाशी मोकळेपणानं बोलेनासे झाले. काय चाललंय ते सभासदांना कळेना. जाब द्या म्हणून आयुष्यभर ओरडलेला माणूस जाब द्यायची पाळी आल्यावर आखडला. 1888 मध्ये पक्षाची उघड दोन शकलं झाली. राजकारणात भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच चालते, असं समजू नका.

1889 च्या उन्हाळ्यात त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. तो कोणी आणावा? उजव्या पक्षाचे नेते एमिल स्टांग यांनी. आडनाव ओळखीचं वाटलं असेल. मंत्र्यांनी सभागृहात येऊ नये म्हणून जे फ्रेडेरिक स्टांग अडून बसले होते, त्यांचे हे चिरंजीव, आणि तेही वकीलच. आत आलो तर एक दिवस सभा आपल्याला उठवेल, ही बापाची भीती. मुलानं तीच रीत वापरून, ज्यांनी ती आणली त्यांनाच खुर्चीवरून उठवलं. आपल्यामागं बहुमत उरलेलं नाही हे स्वेर्द्रुप यांना कळलं होतं, त्यांनी राजीनामा दिला. राजाकडे जाऊन मला वाचवा म्हणाले नाहीत. नियम त्यांचाच होता. जुलैमध्ये एमिल स्टांग पंतप्रधान झाले. 17 फेब्रुवारी 1892 ला योहान स्वेर्द्रुप वारले.

उत्तर समुद्राच्या तळाशी 2010 साली खनिज तेलाचा फार मोठा साठा सापडला, त्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. 2019 पासून तिथून तेल निघतंय. आता जगात बरेच लोक स्वेर्द्रुप हे नाव तेलाचं म्हणून ओळखतात.

आणि गिनाबाईंची मागणी? तिचा ठराव 1886 मध्ये मांडला गेला. स्टॉर्टिंगमध्ये त्यावर मतदान झालं ते 1890 मध्ये. 44 बाजूनं, 70 विरोधात. सगळ्या पुरुषांना मत 1898 मध्ये मिळालं. ते मिळताना बाया पुन्हा बाहेर राहिल्या. 1901 मध्ये कर भरणाऱ्या बायकांना गाव-शहराच्या निवडणुकीत मत मिळालं. 1905 मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा व्हावा का, यावर लोकांचं मत घेतलं, तेव्हा बायकांना मत नव्हतं. म्हणून संघटनांनी घरोघर फिरून दोन लाखांहून जास्त बायकांच्या सह्या गोळा केल्या आणि स्टॉर्टिंगच्या हवाली केल्या. स्वेर्द्रुप यांची हीच तर पद्धत होती. मोजता येईल असं काहीतरी सभागृहापुढं ठेवायचं, आणि नाकारलं तर पुन्हा ठेवायचं. अखेर जून 1913 मध्ये सगळ्या बायकांना मत मिळालं. त्या वेळी सभागृहात विरोधी मत एकही पडलं नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च 1911 मध्ये, आन्ना रोगस्टाड नावाच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका बदली सभासद म्हणून स्टॉर्टिंगमध्ये जाऊन बसल्या. सभासद म्हणून तिथं बसलेल्या त्या पहिल्या बाई. सभागृह तेच होतं, जिथं मंत्र्यांनी यावं म्हणून वकीलसाहेब बारा वर्षं भांडले होते.